सगळे सारखे

समोरच्या ब्लॉकमधून दिसलं तर पोलीस येतील, म्हणून सिंगापूरच्या वुडलँड्समधल्या त्या फ्लॅटचे पडदे घट्ट ओढलेले होते. कॅमेऱ्याचे नवे फोन बुटांच्या कपाटात कोंडलेले. आत पाच मराठी इंजिनिअर कपडे उतरवून चहा पीत बसले होते. धम्मानंद पहिल्यांदाच आला होता. अंगाला पंख्याचा वारा लागला आणि पोट सुटल्याची लाज दहा मिनिटांत कुठल्या कुठे पळाली.

यजमान श्रीनिवास म्हणाला, "बघ, कपडे उतरले की कोण मॅनेजर आणि कोण कारकून? सगळे सारखे."

"पटलं," धम्मानंद म्हणाला. "मग जानवं का ठेवलंस?"

"अरे, तो काय कपडा आहे का?"

"नाही ना, म्हणूनच विचारतोय."

"विषय वाढवू नकोस. चल, कपडे घाल, हॉकर सेंटरला जेवायला जाऊ."

धम्मानंद सोफ्यावर आणखी ऐसपैस बसला.

"माझ्या आज्याला गावानं अंगभर कपडे घालू दिले नाहीत. बापानं हट्टानं कोट शिवला. मी आज माझ्या मर्जीनं सगळं उतरवलंय. आता तुझी पाळी."

श्रीनिवासनं जानव्याला हात लावला आणि त्यावरूनच शर्ट चढवला.