पिराजीची दोन मिनिटं

"आता सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून दिवंगत खेळाडूला श्रद्धांजली वाहू या," साहेब माइकवर म्हणाले.

पिराजीनं बैलगाडीत बसल्या बसल्या मैदानावर नजर फिरवली. दीड-दोन हजार माणसं त्याच्या मरणासाठी उठून उभी राहत होती. त्यातल्या कितीतरी जणांनी तासाभरापूर्वीच त्याला 'काय पिराजी, बरं हाय का?' असं विचारलं होतं.

चूक छापखान्याची. तालुक्यात चषक म्हटला की नावाआधी 'कै.' असायचंच. जिवंत माणसाच्या नावानं कोण कशाला स्पर्धा भरवील? तेव्हा खिळे जुळवणाऱ्यानं आपल्या सवयीनं 'कै. पिराजी ओव्हाळ चषक' असं जुळवलं आणि पत्रकं पार कळंब-वाशीपर्यंत वाटून झाली. पिराजीची बायको भिमाबाई ते पत्रक घेऊन रडकुंडीला आली, तर तो खदखदून हसला.

"अगं, आपल्या बौद्धांत गेलेल्याला 'कै.' न्हाय, 'कालकथित' लिवत्यात. ह्यांना मला मारायचं बी नीट जमलं न्हाय."

दूध सोसायटीचे चेअरमन विरुपाक्षअप्पा स्वतः घरी येऊन हात जोडून गेले. सुरुवातीलाच माइकवर खुलासा करतो, शाल-नारळ देतो, म्हणाले. पण जिल्ह्याचे साहेब जीपमधून उतरले ते थेट माइकपाशी गेले. हातात पत्रक होतंच. साहेबांना मध्येच अडवायची अप्पांची छाती झाली नाही. साहेब म्हणाले म्हणून लोक उठले, आणि लोकांबरोबर अप्पाही उठले.

पिराजीला शाल नको होती. त्याला टीम हवी होती.

बहात्तरच्या दुष्काळात याच मैदानावर फुटबॉलच्या सामन्यात तो हेडरसाठी उंच उडाला होता. पाण्याविना जमीन फरशीसारखी टणक झालेली. तो पाठीवर पडला आणि कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. त्याआधी त्याच्या तोडीचा फॉरवर्ड आसपास कुठं नव्हता, हे त्याच्याकडून गोल खाल्लेली माणसंही कबूल करत. पुढं दुष्काळ सरला, गावात म्हशी आल्या, दूध सोसायटी निघाली, सोसायटीची टीम झाली आणि ती टीम दरसाल पहिल्याच सामन्यात नेमानं हरू लागली. पिराजीचं घर मैदानाला लागून. दारातल्या बाजेवरून तो रोज त्यांचा सराव बघायचा आणि त्याचा जीव तीळतीळ तुटायचा. 'मला शिकवू द्या' असे तीन अर्ज त्यानं सोसायटीला केले. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं: तुम्ही आराम करा, आम्ही तुम्हाला विसरणार नाही. आणि खरोखरच ते विसरले नाहीत. त्यांनी त्याच्या नावानं चषक ठेवला.

मैदान चिडीचूप झालं. तेवढ्यात साहेबांची नजर बैलगाडीवर गेली.

"अहो, ते गाडीत बसलेले गृहस्थ!" साहेब माइकवरूनच गुरकावले. "गेलेल्या माणसासाठी दोन मिनिटं उभं राहता येत नाही?"

भिमाबाईनं पदर खोचला. ती काही बोलणार एवढ्यात पिराजीनं तिचा हात दाबला.

"न्हाय येत, साहेब," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "अकरा वर्षं झाली. तुमी ज्याच्यासाठी उभे ऱ्हायलात, त्यो मीच."

कुणी हसलं नाही. आता बसावं की उभंच राहावं, हे कुणालाच कळेना. म्हणून सगळे उभे राहिले आणि गप्पही राहिले. पिराजीला एकाएकी लक्षात आलं, की गेल्या अकरा वर्षांत एवढे कान त्याच्या वाट्याला कधी आले नव्हते. त्याला मनापासून आनंद झाला. त्यानं साहेबांना सोडलं आणि मधोमध रांगेत उभ्या असलेल्या सोसायटीच्या टीमकडं तोंड वळवलं.

"चन्नबसप्पा, तू गोलात रेषेला चिकटून ऱ्हातोस. दोन पावलं म्होरं यायचं. मग समोरच्याला निम्मा गोल दिसतच न्हाय. आन् कोंडिबा, बॉल आला की तू खाली मान घालतोस. बॉल कुठं पळून जात न्हाय, माणसं बग. तुझा डावा पाय लई गुणाचा हाय, तुला कुणी सांगितलंच न्हाय."

कोंडिबानं आपल्या डाव्या पायाकडं पाहिलं. चन्नबसप्पा आपल्याच नादात रांगेतून दोन पावलं पुढं आला. स्टेजकडं तोंड करून उभी असलेली अख्खी टीम एकेक करत बैलगाडीकडं वळली.

"अप्पा," पिराजी चेअरमनना म्हणाला, "फुटबॉल पायानं खेळत्यात. शिकवायला डोळे आन् तोंड लागतं. माझं दोनी शाबूत हाय. तीन अर्ज म्या कागदावर केले, ह्यो चौथा तोंडी. मला टीम द्या."

अप्पांचा चेहरा लालबुंद झाला. एवढ्या लोकांत, तेही साहेबांच्या देखत, असं कुणी त्यांच्याशी बोललं नव्हतं. त्यांनी पुढं होऊन माइक ओढला.

"पिराजी, पुरे झालं आता. पुढचा कार्यक्रम—"

"गप ऱ्हावा, अप्पा," पिराजी म्हणाला. "माझी दोन मिनिटं अजून सरली न्हाईत."