कालचा पुडा

शिवाजी पेठेत हंबीरराव फुलवाला रोज सकाळी देवाच्या फुलांचा पुडा दाराच्या कडीला अडकवतो आणि न बोलता पुढं जातो. पण कालचा पुडा तसाच लटकलेला दिसला, तर दार बडवल्याशिवाय तो हलत नाही. मागच्या गल्लीत एकटे राहणारे आबा गेले, तेव्हा त्यांचाही पुडा असाच कडीला राहिला होता.

आज त्यानं प्रमोदिनीबाईंचं दार बडवलं. "बाई! ओ बाई! हाईसा काय घरात?"

आरडाओरडा ऐकून शेजारची दारं उघडली. अदिती तर हातातली कणीक तशीच घेऊन धावत आली. तेव्हा कुठं बाईंनी कडी काढली.

"पुडा आत घेतला न्हाईसा व्हय? जीव टांगणीला लावलासा की माझा!"

"विसरलेच रे. वय झालं आता. ये आत, चहा टाकते."

"न्हाई बाई, अजून सगळी पेठ हाय. आजचा मातूर आठवणीनं आत घ्या." शिळा पुडा काढून त्यानं ताजा बाईंच्या हातात दिला आणि गाडीला किक मारली.

अदिती हसून घरात गेली. शेजारची दारं एकेक करून लागली. गल्ली पुन्हा गप्प झाली.



प्रमोदिनीबाईंनी देव्हाऱ्याकडं न बघता हातातला पुडा परत बाहेरच्या कडीला अडकवला.