सातवा मणका

पनवेलच्या कॉलेजात निरीतची फिजिओथेरपीची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा होती. मानेचा सातवा मणका बोटाने दाखवायचा; चुकला की वर्ष गेलं. पेशंट म्हणून बसले होते उरणचे कमळाकरकाका, गेली बारा वर्षं परीक्षेला मान देणारे.

"एक खाली घे, पोरी," तिने मानेवर बोट टेकवताच ते हळूच पुटपुटले. तिने बोट खाली घेतलं.

परीक्षक बाईंनी स्वतः चाचपून पाहिलं. "हा मानेचा नाहीच, पाठीचा पहिला आहे. नापास!"

निरीतच्या डोळ्यांत पाणी आलं.

"असं कसं, मॅडम?" काका मान खालीच ठेवून म्हणाले. "तुमी पन हाच दाखवून पास झाल्या ना?"

बाईंनी पुन्हा चाचपलं. बराच वेळ चाचपलं.

"सातवाच आहे," त्या म्हणाल्या.