खिशातला कांदा

डॅलसला नातवाची अमेरिकन फुटबॉलची मॅच बघायला नागपूरचे मनोहरराव खिशात कांदा घालूनच आले होते. हेल्मेटवाली पोरं दर दहा मिनिटांनी पाणी पीत होती, मानेवर ओले टॉवेल घेत होती. कडेला बर्फाच्या पाण्याचा टबही भरून ठेवलेला होता.

“बाबा, थोडं पाणी घ्या ना, एकशे चार फॅरनहाइट आहे!” हँडीकॅम सांभाळत सून म्हणाली.

“म्हणजे चाळीस. एवढ्या उन्हात आम्ही वरातीत नाचतो! खिशात कांदा असला की झालं, ही थेरं कशाला?”

हाफटाइमच्या आधीच ते चक्कर येऊन आडवे झाले. पोरांनीच उचलून त्यांना टबात बसवलं.



गळ्यापर्यंत बर्फात मनोहररावांनी डोळे उघडले आणि शेजारी तरंगणारा कांदा उचलून सुनेला दाखवला, “बघ, हा होता म्हणून वाचलो!”