चाकं हवेत असताना

"तू फक्त पाने देत जा, ताई. बाकी मी बघतो," असं म्हणून धाकटा जीपखाली सरकला.

थोरली पान्यांची पेटी मांडीशी ओढून अंगणातल्या सिमेंटवर बसली. फक्त पाने द्यायचे. बरं. वीस वर्षं बाबांबरोबर याच गाडीखाली उताणी पडून तिने केसांत तेल-माती भरून घेतली होती. तेव्हा हे महाशय कपड्यांना डाग पडेल म्हणून अंगणात पाऊल टाकत नव्हते. आणि मागच्या आठवड्यात बाबांनी गाडीचे कागद केले ते महाशयांच्या नावावर. का, तर डोंगरात गाडी अडली की बाईमाणूस काय करणार?

बाबा दारात खुर्ची टाकून बसले होते. डोळ्यांनी दगा दिला होता, पण कान अजून तिखट. गाडी कोपऱ्यावर वळली की कुठला नट ढिला झालाय, ते खुर्चीतून सांगायचे.

"पंधराचा दे," धाकटा खालून म्हणाला.

"सतराचा लागेल."

"पंधराचा दे गं."

तिने पंधराचा दिला. थोडा वेळ खालून नुसतीच खडखड आली. मग एक काळाकुट्ट हात बाहेर आला. "सतराचा बघू." तिने सतराचा दिला.

चाकांचे धक्के झेलणारे शॉकअप बदलायचे होते. जुन्यांचे नट गंजून लाल झाले होते, तरी एकेक करून सुटत गेले. सुटणारच. काल दुपारी धाकटा झोपला होता तेव्हा तिनेच गपचूप प्रत्येक नटावर तेल सोडलं होतं. गाडी त्याची झाली असली तरी नटांच्या कडा कुणी रगडून घालवाव्यात, हे तिला बघवलं नसतं.

"बाबा, बघा, कसा अलगद सुटला," धाकटा म्हणाला.

"हात मुळातच चांगला आहे याचा," बाबा कौतुकाने म्हणाले. "कधी वेळच आली नव्हती, इतकंच."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फडकं उचललं आणि स्वच्छ असलेला पाना पुन्हा पुसला.

नवे चारही शॉकअप जागेवर बसले. आता राहिलं होतं शेवटचं आवळणं. गाडी अजून स्टँडवर होती, चारही चाकं हवेत लोंबत होती. धाकट्याने लांब दांडीचा पाना लावला आणि सगळं अंग टाकून पहिला नट आवळला.

थोरलीने मान वर केली.

अरे, आत्ता नाही. नट आत्ता नुसते टेकवायचे, गाडी खाली घ्यायची, ती आपल्या पायांवर उभी राहिली की मग आवळायचे. बाबांनी तिला शिकवलेली ही पहिली गोष्ट. चाकं लोंबत असताना आवळलं, की शॉकअपच्या टोकातलं रबर त्या लोंबत्या जागीच जखडतं. गाडी खाली आली की ते पिळलं जातं, आणि खडकावर दोन-चार दणके बसले की फाटतं. मग लोखंडावर लोखंड. ठक, ठक, ठक. कुणाच्या जिवाला काही होत नाही. तसं असतं तर ती लगेच बोलली असती. फक्त गाडी आख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी वाजत घरी येते. आणि रविवारी तर धाकट्याची खडकाळ वाटेची शर्यत होती.

शब्द अगदी ओठांवर आले होते. तिने ते तिथेच धरले. विचारू दे, ती मनाशी म्हणाली. दोघांपैकी एकाने तरी विचारू दे, 'तुला काय वाटतं?' लगेच सांगेन. चारही नट स्वतः ढिले करून पुन्हा आवळून देईन.

दुसरा नट झाला. तिसरा झाला. चौथाही झाला.

"शेवटचं आवळलंस ना रे नीट?" बाबांनी विचारलं.

"आवळलं की, बाबा. आता हत्ती आणला तरी सुटायचे नाहीत."

बाबांनी समाधानाने मान हलवली. मग चेहरा थोरलीच्या दिशेला वळवला. "अगं, तू…"

तिने पाना खाली ठेवला.

"…तू जरा चहा टाक. दमला असेल तो."

तिने चहा टाकला. कुणाला साखर किती लागते ते तिला पाठ होतं, तेवढीच घातली. कप घेऊन बाहेर आली तेव्हा गाडी खाली उतरली होती आणि धाकटा गल्लीत एक फेरी मारून परतत होता. बाबा कान देऊन ऐकत होते.

"वा," ते म्हणाले. "एक आवाज नाही."

नवं आहे तोवर नसतोच, थोरलीच्या मनात आलं.

धाकटा उतरला. हात पुसत, अगदी मनापासून म्हणाला, "ताई, रविवारी तूही चल ना. माझ्या शेजारी बस."

तिचा राग जरा सैलावला. चूक सांगायला तिने तोंड उघडलंही.

"वाटेत काही लागलं तर पाने द्यायला कुणीतरी हवंच," तो म्हणाला.

तिने तोंड मिटलं. त्याचा कप त्याच्या हातात दिला. मग बाबांचा कप त्यांच्या दोन्ही तळव्यांत नीट बसवला.

"नको रे. मी घरीच थांबते, बाबांजवळ," ती म्हणाली. "बाबा, रविवारी तुमची खुर्ची फाटकापाशी मांडू. तो परत येईल ना, तेव्हा गाडी लांबूनच ऐकू येईल तुम्हाला."