पुलानंतर डावीकडे

“चुकलात गुरुजी! बुडालात!”

भाविका ओरडली आणि बाकीची पोरं खो खो हसली. दौलत गुरुजींचा उजवा पाय थेट नदीत पडला होता. नदी म्हणजे गोदामाच्या फरशीवर निळ्या खडूनं ओढलेला पट्टा.

“मग कुठं वळायचं?” गुरुजींनी शांतपणे विचारलं.

“पूल ओलांडला की डावीकडं. उजवीकडं नदी हाय.”

“मोठ्यानं सांग. पार दारापर्यंत ऐकू जाऊ दे.”

भाविकानं बेंबीच्या देठापासून सांगितलं. दारात झाडू मारणारी ठकुबाई दचकून थांबली आणि पुन्हा झाडू लागली.

राहनाळचं हे गोदाम गुरुजींच्या मुलाचं, धनेशचं. त्याचा एक कोपरा अजून भाड्यानं गेला नव्हता. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी गुरुजींना पोरांशिवाय करमत नसे, म्हणून रोज सकाळी ते तिथं फुकट शिकवणी घेत.

महिन्यापूर्वी त्यांनी फरशीवर इंग्लंडमधलं एक जुनं गाव काढलं. “इथून तिथं जायचंय, चार दिवस. रस्ता तोंडपाठ हवा,” एवढंच म्हणाले. गावाचं नाव पोरांच्या जिभेवर बसेना, म्हणून ते ‘कवीचं गाव’ झालं. पांढऱ्या भिंतींत काळी लाकडं बसवलेली घरं, जुन्या पुस्तकांची दुकानं, हंसांची नदी, दगडी पूल आणि पुलापलीकडे चारशे वर्षांपूर्वीच्या एका कवीचं घर.

“आमच्यासाठी काय आणाल, गुरुजी?” पोरांनी विचारलं.

“काहीतरी येईलच,” गुरुजी म्हणाले.

भाविकाला मात्र खाऊचं काही पडलं नव्हतं. सत्तावीसचा पाढा उलटा म्हणणारे गुरुजी रोज त्याच एका पुलापाशी चुकत होते. तिचे आजोबा असेच एकेक गोष्ट विसरत गेले आणि एक दिवस कशेळीच्या पुलावर उभे सापडले. तिथं निदान ओळखीचा टेम्पोवाला भेटला. इंग्लंडमध्ये कोण भेटणार?

तिनं धनेशला गाठलं. “काका, गुरुजींना नका पाठवू. हरवतील ते.”

“बाबा? बाबा कुठंच हरवायचे न्हाईत,” धनेश हसला. “तू फक्त रस्ता पक्का करून घे.”

मग भाविकानं कंबर कसली. शिकवणी सुटल्यावरही ती गुरुजींना पाच-पाच वेळा गाव फिरवायची.

“पैले काय? दवाखाना. तिथून?”

“तिथून... चर्च?”

“गुरुजी! चर्च नंतर! आधी लाल डबा, पत्रं टाकतात तो. लाल डबा दिसला की सरळ.”

“अस्सं. सगळ्यांनी तीनदा म्हणा.”

पोरं तीनदा म्हणायची. ठकुबाई तोवर कडेकडेनं झाडत राहायची. खडूच्या गावावर तिचा झाडू कधी फिरला नाही.

“मावशी, नदी पुसू नको हां!” पोरं चिडवायची.

“न्हाय गो बाय, मी कशाला पुसू?”

ठकुबाई अशीच. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. मुलगी मेघाली नर्स होऊन परदेशातल्या दवाखान्यात गेलेली, घरात ही एकटी. मागे प्रौढ शिक्षणाच्या वर्गात गावच्या बायका तिच्या वाकड्या अक्षराला हसल्या होत्या. त्या दिवशी ती उठली, ती परत पाटीपाशी बसली नाही.

एकदा गुरुजींनी कवीच्या घराची गोष्ट सांगितली. “त्या घरात काचेखाली एक कागद आहे. त्यावर कवीच्या आईच्या अंगठ्याचा ठसा आहे. तिला अक्षर येत नव्हतं. लोक लांबलांबून येतात आणि मुलाच्या पुस्तकांआधी त्या अंगठ्यापुढं उभे राहतात. तो पाहिल्याशिवाय परत फिरायचं नाही.”

बाहेर ट्रकचे हॉर्न वाजत होते. झाडूचा आवाज तेवढा थांबला होता.

जायच्या आदल्या दिवशी धनेशनं किरमिजी रंगाचा लोकरीचा स्वेटर आणला. गुरुजींनी अंगात घालून पाहिला. बाह्या कोपराखाली चार बोटांवर अडल्या.

“आखूड हाय!” भाविका म्हणाली.

“थंडीत अंग आक्रसतं गं,” गुरुजी म्हणाले. पोरं हसली, दारातून ठकुबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली.

त्या संध्याकाळी भाविकानं वहीचं मधलं पान फाडून नकाशा काढला. गुरुजींचा चष्मा हरवला तर अक्षरं कशी दिसणार? म्हणून तिनं एक अक्षर लिहिलं नाही. दवाखान्याला लाल क्रॉस, मग लाल डबा, हंस, पूल. पुलापुढे डावीकडे मोठा बाण आणि घराच्या दारावर निळ्या शाईत स्वतःचा अंगठा.

सकाळी धनेशची गाडी फाटकापाशी उभी होती. पोरांनी झेंडूचा हार आणला होता. गुरुजी मात्र घरच्या लेंग्यात, पायात रबरी चपला घालून खुर्चीत बसले होते.

“अजून तयार न्हाय झालात?” भाविकाला रडू फुटायचं बाकी होतं. तिनं नकाशा पुढे केला.

गुरुजींनी तो बराच वेळ पाहिला. अंगठ्यापाशी त्यांची नजर थांबली. “शंभरपैकी शंभर,” ते म्हणाले आणि कागद जपून घडी घालून हातात धरला. “आता शेवटची परीक्षा. पुलापाशी आलो. पुढं?”

सगळ्या पोरांनी तोंडं उघडली. गुरुजींनी ओठांवर बोट ठेवलं.

“डावीकडं वलायचं,” पाठीमागून आवाज आला. “उजवीकडं नदी हाय.”

भाविका वळली. दारात ठकुबाई उभी होती. हातात झाडू नव्हता. अंगात तो किरमिजी स्वेटर होता आणि बाह्या बरोबर मनगटापाशी येऊन थांबल्या होत्या.