यादीतली मधली जागा

“मधे काहीच नाही,” दर्शना म्हणाली. “वर चार, खाली पाच. मधलं कुठे गेलं?”

मनवा चार्जरची वायर बोटाला गुंडाळत राहिली. लालबागच्या त्या चाळीतली मुलं अकरावीचे पसंतीक्रम भरायला दरवर्षी दर्शनाच्याच खोलीत येत. दर्शनाने रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, आणि तिने लावलेली यादी सहसा फसत नसे. तिची पद्धत साधी होती. गेल्या वर्षी आपल्या टक्क्यांच्या थोडी वर बंद झालेली कॉलेजं आधी, आपल्या आसपासची मधे, नक्की मिळणारी शेवटी. आणि प्रत्येक नावासमोर फी.

“माटुंग्याचं अनुदानित तुला लागणार नाही, म्हणून तू तिथल्याच विनाअनुदानित तुकडीचा कोड टाकलास, तोही पहिला. पहिलं लागलं की घ्यावंच लागतं. सोडलंस तर पुढच्या फेऱ्या बंद. फी बघितलीस?”

“बघितली.”

“आणि ही खालची. यांत सायन्स नावाला आहे गं.”

दाराजवळ स्टुलावर मनवाचे वडील, हितेंद्र परब बसले होते. शनिवारी ते लवकर सुटत. परळच्या एका कॉलेजात, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते अटेंडंट होते. अंगावर अजून तोच निळा शर्ट होता.

“परळचं का नाही टाकलंस?” दर्शनाने विचारलं. “अनुदानित आहे. चालत जाशील. गेल्या वर्षी तुझ्यापेक्षा टक्काभर खाली बंद झालंय. तुला बायोच घ्यायचंय ना?”

मनवाने वायर सोडली, पुन्हा गुंडाळली.

“तिथलं बायो चांगलं नाहीये, ताई.”

दर्शना स्वतः तिथेच अकरावी-बारावी शिकली होती. त्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांवर कधी बोटाचा ठसा दिसला नव्हता. ती परबकाकांकडे बघायचं टाळून स्क्रीनकडे बघत राहिली.

“बरोबर बोलतेय ती,” परब म्हणाले. “पूर्वीसारखं राहिलं नाही आता. उपकरणं जुनी झाली. नको टाकू.”

आवाजात राग नव्हता. एखाद्या बिघडलेल्या पंख्याबद्दल बोलावं तसे ते स्वतःच्या प्रयोगशाळेबद्दल बोलले.

“पण काका, माटुंग्याची फी...”

“कॉलेजच्या पतसोसायटीचं कर्ज काढू. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे.”

बाहेर गॅलरीत कोणीतरी बादली आपटली. मनवाचे कान लाल झाले होते.

“पप्पा, तसं नाहीये.”

“मग कसं?”

“तिथे हजेरी घेताना पूर्ण नाव घेतात.” ती इतक्या हळू बोलली की दर्शनाला वाटलं, हे आपण ऐकायला नको होतं. “मनवा हितेंद्र परब. आणि तुम्ही तिथे ट्रे घेऊन...”

तिने मान खाली घातली.

परबांनी स्टूल पुढे ओढलं. नळ गळत असल्याचं कळल्यावर, आता तो दुरुस्त करता येईल म्हणून माणूस जसा बसतो, तसे ते बसले.

“हे आहे होय? अगो, हितेंद्र नाव तिथे कुणाला ठाऊक आहे? मला सगळे मामा म्हणतात. मुलं मामा, सर मामा, प्रिन्सिपल पण मामा. नाव फक्त मस्टरवर. आणि परब काय, आपल्या भागात वर्गात चार निघतील. तुझ्या बॅचचं प्रॅक्टिकल असलं की मी फिजिक्सला जाईन, तिकडचा चिंतामणी माझ्या जागी येईल. त्याला सांगेन, फॉर्मॅलिनच्या वासाने डोकं दुखतं म्हणून.”

“पप्पा, नका ना असं बोलू.”

“खोटं नाही सांगत. हिला विचार.” त्यांनी दर्शनाकडे हात केला. “ही दोन वर्षं होती तिथे. रोज माझ्या हातून स्लाइड घ्यायची. आम्ही एका चाळीतले हे कळलं का कुणाला?”

दर्शनाचं बोट कीबोर्डवर तसंच राहिलं. पहिल्या प्रॅक्टिकलला ते तिच्या टेबलाशी आले होते, नजर न उचलता ट्रे ठेवून पुढे गेले होते. गर्दीत त्यांनी आपल्याला ओळखलं नाही असं तिला तेव्हा वाटलं होतं. किती मोकळं वाटलं होतं. संध्याकाळी जिन्यात भेटल्यावर तिने त्यांना काका म्हटलं, दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मामा. दोन वर्षं.

“नाही कळलं,” ती म्हणाली.

“बघ. टाक गो दर्शना, मधे टाक तुझ्या हिशोबाने.”

मनवाने डोळे पुसले. पण मनातली शंका जाईना, आणि शंका आहे याचीही तिला लाज वाटत होती.

“तुमच्या स्टाफला तर माहीत असेल ना, तुमची मुलगी यंदा दहावीला होती ते?” तिने विचारलं. “ते विचारतीलच, कुठे घेतली अ‍ॅडमिशन म्हणून.”

“नाही विचारणार, त्यांना माहीतच नाही,” परब म्हणाले. “निकालाचे पेढे मी तिथे वाटलेच नाहीत.”